चढावर सोडलेली ट्रॉली आणि गावातली तडजोड

पत्राचा सारांश : करवीर तालुक्यातील एका भगिनीचे हे पत्र आहे, ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. त्यांचे पती 38 वर्षांचे आहेत. घरची एक एकर शेती सांभाळून ते वस्त्यांवरचे दूध मोटारसायकलवरून संस्थेत पोहोचवण्याचे काम करत होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचच्या सुमारास, अंधारात, चढावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ते मागून आदळले. दोन भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ओढवेनात म्हणून चालकाने मागची ट्रॉली चाकाला दगड लावून तिथेच सोडली होती आणि पुढची घेऊन तो चढ चढून गेला होता. पतींच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाल्या, पण गुडघा कायमचा आखडला आहे. दागिने गहाण पडले आहेत. वाहतूकदार गावातलेच आणि लांबच्या नात्यातले. ‘दीड लाख देतो, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही असा स्टॅम्पपेपर करून द्या,’ असा त्यांचा निरोप आहे. पोलिसांनी दवाखान्यात जबाब घेतला, पण गुन्हा नोंदवलेला नाही. दीर आणि गावातली जाणती मंडळी सांगतात की मागून धडकणाऱ्याचीच चूक धरतात, हेल्मेटही नव्हते, त्यामुळे केस टिकणार नाही. उलट वाहतूकदार देशोधडीला लागेल आणि पुढच्या हंगामात तुमच्या उसाला तोड मिळणार नाही. ‘आमचाही ऊस असाच खचाखच भरून जातो. मग आम्ही कोणत्या तोंडाने बोलायचे?’ असे पत्र लिहिणाऱ्या भगिनीने शेवटी विचारले आहे.

ताई,

कागदावर अजून सही झाली नसेल तर ती करू नका, एवढे आधी सांगतो. याचा अर्थ उद्याच भावकीशी वैर धरा असा नाही. सही न करणे आणि भांडण काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्यावर आज जो दबाव आहे तो या दोन्ही एकच आहेत असे भासवण्यातून आलेला आहे. तुम्हाला जे चार-पाच सल्ले मिळाले आहेत आणि तुम्ही स्वतः शेवटी जे विचारले आहे, त्यांपैकी प्रत्येकाच्या पोटात एक गृहीतक आहे. त्यातले काही साफ चुकीचे आहे, काही अर्धे खरे आहे, आणि एक मात्र खरे आहे. ते कोणते, ते पुढे येईलच.

‘मागून धडकतो त्याचीच चूक’ हे वाक्य आपल्याकडे कायदा असल्याच्या थाटात सांगितले जाते, परंतु असा सरसकट कायदा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 122 असे सांगते की कोणतेही वाहन किंवा ट्रेलर इतरांना धोका होईल अशा जागी वा अशा स्थितीत सार्वजनिक रस्त्यावर सोडता येत नाही; आणि त्यात ‘ट्रेलर’ हा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे. आता तुमच्या प्रकरणातील ट्रॉलीकडे नीट पाहा. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना वीज मिळते ती ट्रॅक्टरकडून. ट्रॅक्टरचा हुक सुटला, वायर निघाली, की मागचे दिवे असोत वा नसोत, ती ट्रॉली अंधारात पूर्ण काळी होते. उरतो तो रिफ्लेक्टर, आणि बाहेर लोंबणाऱ्या उसाने तोही बहुतेक वेळा झाकलेला असतो. मोटारसायकलच्या दिव्यात समोर जे दिसते ते उसाचे कांडे असते, वाहन नव्हे. अशा वेळी मागे थोड्या अंतरावर झाडाची डहाळी टाकणे, दगडांची रांग मांडणे किंवा एखादा माणूस बॅटरी घेऊन उभा करणे एवढेही झाले नसेल, तर चूक कोणाची हा प्रश्न खुला आहे; त्याचे उत्तर गावाने परस्पर देऊन टाकलेले आहे इतकेच. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते : महामार्गावर कोणताही इशारा न ठेवता सोडलेल्या अवजड ट्रेलरवर मोटार मागून आदळली होती आणि खालच्या न्यायालयांनी निम्मा दोष मोटारचालकावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द करून दोष वाहन तसे सोडणाऱ्याचाच धरला.

तरीही एक गोष्ट लपवून ठेवत नाही. आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल अशा वेगाने चालवणे ही चालकाचीही जबाबदारी असते, आणि भरपाई ठरवणारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तुमच्या पतींवर काही टक्के दोष टाकू शकते. तसे झाले तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. ती नाकारली जात नाही. गावातल्या बोलण्यात हा फरक नाहीसा झालेला आहे.

हेल्मेटचा मुद्दा तर इथे लागूच होत नाही. हेल्मेट न घालणे हा दंडनीय गुन्हा आहे आणि पतींनी ते घालायला हवे होते, यात वाद नाही. पण इजा मांडीला आणि गुडघ्याला आहे. नियमभंग आणि अपघात किंवा इजा यांच्यात कार्यकारणाचा धागा दाखवता आला तरच त्या नियमभंगाचा भार जखमीवर येतो. मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेच तत्त्व सांगितले.

आता वजनाकडे येतो, कारण तुमच्या पत्रात तो मुद्दा ओझरता आला आहे आणि माझ्या मते तोच या प्रकरणाचा कणा आहे. ती ट्रॉली तिथे का सोडावी लागली? ट्रॅक्टरला दोन्ही ट्रॉल्या ओढवेनात म्हणून. का ओढवेनात? कारण त्या चढाला आणि त्या ट्रॅक्टरला झेपणार नाही इतका ऊस भरला होता. जादा वजनामुळे हुक सोडावा लागला, हुक सोडल्यामुळे दिवे गेले आणि दिवे गेल्यामुळे ट्रॉली दिसली नाही, अशी ही साखळी सलग आहे. केवळ ‘ओव्हरलोड होता’ असे म्हणून न्यायाधिकरणात फारसे काही सिद्ध होत नाही. त्या ओव्हरलोडमुळे हाच अपघात कसा घडला हे दाखवावे लागते, आणि तुमच्या बाबतीत ते दाखवता येण्यासारखे आहे. अर्ज लिहिणाऱ्या वकिलांना ही साखळी याच क्रमाने सांगा.

जादा भार धोकादायक असतो हे सर्वांना मोघम माहीत असते, नेमके कसे ते कमी जणांना. वाहनाचे वजन दुप्पट झाले की त्याच वेगावरून थांबण्यासाठी ब्रेकला दुप्पट ऊर्जा पेलावी लागते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, त्यामुळे दोन्ही ट्रॉल्यांचा सगळा रेटा ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. उतारावर मागची ट्रॉली पुढच्या वाहनाला ढकलत नेते आणि चढावर हुकवरच्या ओढीने ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, म्हणजे स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. ऊस वाहनाच्या फाळक्यांच्या वर रचला की गुरुत्वमध्य उंच जातो आणि वळणावर किंवा साइडपट्टीच्या खचलेल्या कडेवर ट्रॉली कलंडते. टायर तापून फुटतो, एक्सल मोडतो आणि मग तेच वाहन रात्रभर रस्त्यात उभे राहते. त्यातच चालकाने मोठ्या आवाजात गाणी लावलेली असली तर मागच्या वाहनाचा हॉर्न त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. कोल्हापूरच्या कोणत्याही रस्त्यावर हंगामात हे अनुभवाला येते. वाळू, खडी, विटा आणि बॉक्साइटच्या ट्रकांनाही यातले बहुतेक सगळे लागू आहे.

‘आमचाही ऊस असाच जातो’ हे तुम्ही लिहिले, ते प्रांजळ आहे, आणि मी वर म्हटलेले एकमेव खरे विधान तेच. तोडणीची मजुरी टनावर, वाहतुकीचे भाडे टनावर आणि अंतरावर, वाहतूकदाराने कारखान्याकडून घेतलेली उचल फिटायची ती याच टनेजमधून. शेतकऱ्याला फड लवकर मोकळा व्हायला हवा असतो, कारण तुटलेला ऊस वाळला की वजन घटते. खेपा कमी झाल्या तर डिझेल वाचते. टोळी, मुकादम, वाहतूकदार, शेतकरी, कारखाना या सर्वांचे हित एका बाजूला आणि रस्त्यावरून जाणारा माणूस दुसऱ्या बाजूला, असा हा व्यवहार आहे. तुमच्या पतींची बाजू त्या पहाटे बदलली. परंतु या सामाईक सवयीचा अर्थ असा होत नाही की जखमी माणसाने दुखापतीचा खर्चही स्वतःच सोसावा. तुम्ही तुमच्या शेतावर जादा भरू देत असाल तर ते पुढच्या हंगामात थांबवा. त्या अपराधभावापोटी पतींचा हक्क सोडून देण्यात न्याय कोणाचाच होत नाही.

आता वाहतूकदार देशोधडीला लागण्याची भीती. तृतीय पक्षाचा विमा प्रत्येक मोटार वाहनाला सक्तीचा आहे, आणि तो नेमका अशाच वेळेसाठी असतो. विमा असेल तर भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते, वाहतूकदाराचे घर विकून ती दिली जात नाही. म्हणजे वाहतूकदार आज जे दीड लाख खिशातून द्यायला निघाले आहेत, त्याऐवजी त्यांनी पॉलिसीची प्रत दिली तर कदाचित दोन्ही घरांचे भले होईल. ते ती का देत नाहीत, हे मात्र विचारायला हवे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी वाहने आहेत, दोन्हींची नोंदणी लागते. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, किंवा विमा शेतीकामापुरता आहे आणि वाहन भाड्याने धावत होते, अशी भानगड असेल तर विमा कंपनी हात झटकण्याचा प्रयत्न करील. अशा वाहनांच्या बाबतीत न्यायालये अनेकदा कंपनीला आधी जखमीला रक्कम देण्यास आणि मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. पण ते प्रत्येक वेळी होतेच असे नाही. तेव्हा वाहतूकदाराला काहीच झळ बसणार नाही असे आश्वासन मी देऊ शकत नाही. झळ बसली तर ती विम्याची अट मोडल्याची असेल, तुम्ही अर्ज केल्याची नव्हे.

‘उभी ट्रॉली म्हणजे वाहनाचा वापर नव्हे’ असाही बचाव कोणी काढील. सातारा जिल्ह्यात 1987 मध्ये महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये स्पष्ट केले की वाहन थांबलेले किंवा बंद पडलेले असले तरी तो त्याचा ‘वापर’च असू शकतो. आपल्याच भागातला हा निकाल तुमच्या वकिलांना ठाऊक असेल.

दीड लाख हा आकडा कशाच्या तुलनेत मोठा वाटतो, हेही तपासू. भरपाईचे गणित सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांनी बरेचसे ठरवून दिले आहे. समजा, पतींचे दूध आणि शेती मिळून उत्पन्न महिना 15,000 रुपये सिद्ध झाले, म्हणजे वर्षाला 1,80,000. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतःचे, म्हणून भविष्यातील वाढीपोटी त्यात 40 टक्के मिळवतात. आकडा 2,52,000 होतो. 36 ते 40 वयोगटाला गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, 15 आहे. गुडघा न वाकल्यामुळे कमाईची क्षमता 40 टक्के घटली असे न्यायाधिकरणाने मानले, तर केवळ या एका शीर्षाखाली 15,12,000 रुपये होतात. उपचाराचा खर्च, मदतनिसाचा खर्च, सोसलेल्या वेदना, पुढील शस्त्रक्रिया हे त्याहून वेगळे. आणि समजा तीस टक्के दोष पतींवर आला, तरी वरच्या रकमेचे 10,58,400 उरतात. यातील प्रत्येक आकडा पुराव्याने बदलेल, म्हणून याला माझे भाकीत समजू नका. परंतु दीड लाखांचा प्रस्ताव कोणत्या पातळीवरचा आहे ते यातून कळावे. येथे एक खुबी लक्षात ठेवा : वैद्यकीय दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या सारख्याच नसतात. कारकुनाचा गुडघा आखडला तर त्याची नोकरी राहते. दुधाच्या किटल्या लावून कच्च्या रस्त्याने मोटारसायकल चालवणाऱ्याचा आखडला तर धंदाच बुडतो. हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालापासून प्रस्थापित आहे, म्हणून पतींचे रोजचे काम कसे होते याचे वर्णन अर्जात बारकाईने यायला हवे. उत्पन्नाचा पुरावा म्हणून संस्थेची दहा-दहा दिवसांची दूध बिले, सचिवांचा दाखला आणि बँकेचे पासबुक आताच काढून ठेवा.

मुदतीबाबत मात्र ढिलाई नको. 1 एप्रिल 2022 पासून भरपाईचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत करण्याची तरतूद लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. तरीही अंतरिम आदेशावर विसंबून संसाराचा निर्णय लांबवू नये. तुमचे सहा महिने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरतात. ‘हंगाम सुरू झाला की बघू’, ‘गणपती झाल्यावर बसू’ असे जे सांगितले जाते त्यामागे नेहमी कपट असते असे मी म्हणणार नाही, पण परिणाम एकच होतो.

त्याआधी गुन्हा नोंदवून घ्या. दवाखान्यातला जबाब म्हणजे एफआयआर नव्हे. गुन्हा नोंदला गेला की पोलिसांना पहिला अपघात अहवाल आणि पुढे सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो, आणि कायद्यानुसार तो अहवाल भरपाईचा अर्ज म्हणूनच हाताळला जातो. गुन्हाच नसेल तर ही साखळी सुरूच होत नाही. पती दवाखान्यात होते हे उशिराचे पुरेसे कारण आहे, आणि एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून भरपाईचा दावा पडत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. लेखी तक्रार द्या, पोहोच घ्या. ठाण्यात नोंद करण्यास नकार मिळाला तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि तिथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. चालक वाहतूकदारांचा पुतण्या आहे आणि ‘पोराला आत घालायचे का’ असे तुम्हाला विचारले जाते, असेही तुम्ही लिहिले आहे. फौजदारी खटला आणि भरपाईचा अर्ज वेगवेगळे चालतात, पुराव्याचा निकषही वेगळा आहे : खटल्यात संशयातीत सिद्धता लागते, भरपाईसाठी शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहतात. शिवाय जादा भाराचा दोष एकट्या चालकाच्या माथी मारणे कायद्यालाही मान्य नाही. चालक मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा आज्ञेने झाले असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम 113 मध्येच आहे.

जादा वजन सिद्ध कसे करायचे, असा प्रश्न तुम्हाला पडेल, कारण ट्रॉली त्याच सकाळी तिथून हलवली गेली. ती गेली कुठे? कारखान्यात. आणि कारखान्याच्या काट्यावर वजन झाल्याशिवाय ऊस गव्हाणीत पडत नाही. काटा पावतीवर वाहनाचा क्रमांक, तारीख, वेळ, भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ वजन असते. ज्या शेतकऱ्याचा तो ऊस होता त्याच्याकडे त्याची प्रत किंवा मोबाइलवरचा संदेश असू शकतो, आणि स्लिपबॉयच्या, म्हणजे फडावर उसाची पावती करणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, नोंदीत कोणत्या फडातून कोणत्या वाहनात ऊस गेला ते असते. दुसरीकडे आरसी पुस्तकात त्या वाहनाचे कायदेशीर कमाल वजन लिहिलेले असते. दोन आकडे शेजारी ठेवले की वाद संपतो. सहकारी कारखान्याकडून माहिती अधिकारात हे मिळवण्याच्या फंदात वेळ घालवू नका, कारण सहकारी संस्था त्या कायद्याखाली सरसकट येत नाहीत. तपास अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा की त्या दिवसाच्या नोंदी ताब्यात घ्याव्यात, आणि न्यायाधिकरणाकडून कारखान्याला ती कागदपत्रे हजर करण्याचे समन्स काढून घ्या. तो अधिकार न्यायाधिकरणाला आहे. कारखान्यालाही प्रतिवादी करायचे का, हे तोडणी-वाहतूक करार कसा आहे त्यावर ठरेल, ते वकिलांवर सोडा. चालक, ट्रॅक्टरचा मालक, ट्रॉलीचा मालक आणि त्यांच्या विमा कंपन्या मात्र अर्जात हव्यातच. आणि मोडलेली मोटारसायकल भंगारात घातली नसेल तर घालू नका. पंचनामा आणि आरटीओची तपासणी होईपर्यंत ती आहे तशी राहू द्या.

जादा वजनाचा दंड किती, तो आपल्याला मिळतो का, असेही तुम्ही विचारले आहे. कलम 194 नुसार 20,000 रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. पाच टन जादा असेल तर तीस हजार झाले. हा पैसा सरकारजमा होतो, जखमीला त्यातले काही मिळत नाही. तुमच्या दृष्टीने त्याचा उपयोग कारवाई झाल्यास तयार होणाऱ्या कागदापुरता.

एका सापळ्याबद्दल बजावून ठेवतो. कायद्याच्या कलम 164 मध्ये चूक सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई आहे : मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापतीस अडीच लाख. ज्यांच्याकडे पुरावा काहीच नाही, त्यांना ती आधार देते. परंतु विमा कंपनीशी समझोत्याच्या पद्धतीने ती रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा अर्ज संपुष्टात येतो. अडीच लाख लवकर हातात आले म्हणून सही झाली आणि पंधरा लाखांचे दार बंद झाले, असे होऊ देऊ नका.

वाहतूकदारांना खरोखरच मदत करायची असेल तर तिला नकार देण्याचे कारण नाही. रक्कम बँकेतून घ्या आणि पावतीवर ‘उपचारासाठी मदत म्हणून, भरपाईच्या हक्काला बाधा न येता’ असे वकिलांकडून लिहून घ्या. हे ऐकून ते मागे सरले तर तो पैसा मदतीचा नव्हता, सहीचा होता, हे तुम्हाला कळेल. नोटरीपुढचा ‘तक्रार नाही’ असा कागद न्यायाधिकरणाला बांधून ठेवतोच असे नाही, पण उलटतपासणीत तो तुमच्यासमोर धरला जाईल एवढे नक्की.

तोड मिळणार नाही ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. एक एकर असलेल्या घराला पाळी महिनाभर लांबली तरी ते पुरते अडचणीत येते. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. आपल्या जिल्ह्यात कारखाने एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि टोळ्याही एकाच वाहतूकदाराच्या नसतात. ऊस दुसरीकडे घालण्याची वाट महाग पडली तरी बंद नसते. आणि तुमचा अर्ज हा मुख्यतः विमा कंपनीकडे केलेली मागणी आहे, ही गोष्ट वाहतूकदारांच्या घरातल्या एखाद्या शहाण्या माणसाला, शक्यतो त्यांच्या वडीलधाऱ्यांना, तुमच्या वकिलांनी समोर बसून समजावली तर पुष्कळ ताप उतरतो. दिरांना त्या बैठकीला अवश्य न्या. ते तुमचे विरोधक नाहीत. त्यांना गावात राहायचे आहे, म्हणून ते तसे बोलतात.

अशाच प्रसंगात सापडलेल्या इतर वाचकांसाठी काही गोष्टी. मे 2025 पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना लागू झाली आहे. रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, म्हणून 112 वर फोन करा आणि रुग्णालयात योजनेचे नाव घेऊनच विचारा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची वेगळी तरतूद आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरातील कोणी दगावले किंवा हात, पाय वा डोळा कायमचा गमावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. त्याची मुदत फार कमी असते. पेट्रोल पंप आणि दुकानांवरचे सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, तेव्हा ते राखून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या आठवड्यातच पोलिसांकडे द्यावी. आणि उभ्या वाहनाची छायाचित्रे मागून, रस्त्याच्या पातळीवरून, शक्यतो त्याच अंधारात काढावीत. दिवसा काढलेल्या छायाचित्रात प्रत्येक ट्रॉली ठळक दिसते.

वकिलांसाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया आणि अपंगत्व असलेल्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दवाखान्याच्या आवारात ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ अशी बोली करणारे कोणी भेटले तर दूर राहा. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांना व्यावसायिक नियमांनुसार वर्ज्य आहे. अपंगत्वाचा दाखला सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयातून रीतसर काढा आणि ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांना साक्षीला यावे लागेल याची कल्पना आताच द्या, कारण नुसत्या दाखल्यावर विमा कंपनी हरकत घेते.

निकालाला वेळ लागेल. भरपाईवर सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते, म्हणजे अर्जाला लावलेला प्रत्येक आठवड्याचा उशीर तुमच्याच नुकसानीचा. मधल्या काळात प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याचा प्रस्ताव येईल. तो चांगला मार्ग आहे, आणि गावातल्या मंडळींना जी तडजोड हवी आहे ती करण्याची खरी जागाही तीच, कारण तिथे विमा कंपनी समोर असते आणि आकडा नोंदीवर येतो. न्यायाधिकरणाचा निवाडा पटला नाही तर उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (खंडपीठासारखे बाहेरगावचे कामकाज) कोल्हापुरातच असल्यामुळे त्यासाठी मुंबईची वारी उरलेली नाही. लोकअदालतीतील निवाड्याविरुद्ध मात्र अपील नसते, म्हणून तिथे बसण्यापूर्वी वकिलांकडून वरच्यासारखे गणित तुमच्या खऱ्या आकड्यांनी मांडून घ्या आणि त्या कागदावरची किमान रक्कम तुम्ही दोघांनी घरीच ठरवून ठेवा.